बुग्यालावर रात्र काढायची नाही : अली-बेदनीच्या बंदीमागचा इतिहास

रूपकुंड म्हणजे गढवालमधलं, माणसांचे सांगाडे सापडलेलं तळं. तिथला ट्रेक पुन्हा कधी सुरू होणार, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या ट्रेकवाल्यांत दर उन्हाळ्यात निघतो आणि 'कोर्टाने बंद केलाय' या उत्तरावर मिटतो. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने जो आदेश दिला, त्याचा रोख त्या हाडांच्या तळ्यावर नव्हता. तो होता तळ्याच्या वाटेवरच्या गवताळ उतारांवर, म्हणजे बुग्यालांवर. तिथे रात्रीचा मुक्काम नको, असं न्यायालयाने सांगितलं. मुक्काम न करता वाण गावातून रूपकुंड गाठून परत येणं तुमच्या-आमच्या पायांना झेपणारं नाही, म्हणून ट्रेक बंद पडला.

रूपकुंडबद्दल मराठीत भरपूर लिहून झालंय. लोहाजंगला जीप कशी मिळते, भगवाबासाला थंडी किती असते, हे परत सांगत बसत नाही. हे टिपण अली आणि बेदनी या दोन बुग्यालांबद्दल आहे. तळं गाठायच्या घाईत बहुतेकांनी त्यांना 'दुसऱ्या दिवसाचा कॅम्प' एवढीच किंमत दिली. 'आशियातलं सर्वांत मोठं बुग्याल' असं फलकांवर आणि माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं, तिकडे काणाडोळा केलेला बरा. मोजलंय कुणी?

खर्सू (ओक) आणि बुरांशाचं (ऱ्होडोडेंड्रॉनचं) जंगल सुमारे 3,300 मीटरच्या आसपास संपतं, आणि संपतं ते एकदम. दाट सावलीतून चढत असता शेवटचं वाकडं झाड मागे पडतं आणि पुढे नुसतं गवत. उतारामागून उतार, आणि समोर त्रिशूळ नि नंदाघुंटी. झाडांची हद्द संपलेली आणि कायमचं बर्फ अजून वर, अशा मधल्या पट्ट्यातली ही कुरणं वर्षातला मोठा काळ बर्फाखाली असतात. गवत वाढायला मिळतात ते जूनपासूनचे जेमतेम चार महिने. माती पातळ असते आणि ती जागेवर राहते ती मुळांच्या विणीमुळे. ही वीण एकदा फाटली की पावसाचं पाणी त्याच फटीतून वाहतं, तिची घळ होते, आणि घळीच्या दोन्ही कडा दर पावसाळ्यात थोड्या-थोड्या ढासळत राहतात. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारी कुटकी आणि अतिविष या असल्याच मातीतून येतात. दोन्हींचं मूळच औषधी, त्यामुळे औषध काढायचं म्हणजे झाड उपटायचं.

ही कुरणं माणसाचा हात न लागता अशी राहिली आहेत, असं समजणं मात्र बरोबर नाही. खालच्या गावांची मेंढरं, गाई-म्हशी पिढ्यानपिढ्या उन्हाळ्यात वर जात आल्या आहेत. मेंढपाळांच्या दगडी झोपड्या (छान्या), गुरांच्या खताने काळी झालेली जमीन, कुठल्या गावाचं जनावर कुठल्या धारेपर्यंत जायचं याचे न लिहिलेले करार, हे सगळं बुग्यालाचाच भाग आहे. सप्टेंबरच्या अखेरीस कळप खाली उतरले की गवत पिवळं पडतं आणि बर्फाची वाट बघतं. निर्मनुष्य निसर्ग म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, ते खरं तर शेकडो वर्षं वापरात असलेलं गायरान आहे.

आणि देवीची वाटही. नंदादेवी ही गढवालची माहेरवाशीण. दर भाद्रपदात तिची पाठवणी होते. कुरूडच्या देवळातून निघालेली तिची डोली गावोगाव मुक्काम करत बेदनीकुंडाशी येते, नंदासप्तमीला तिथे पूजा आणि पितरांचं तर्पण होतं, नि डोली परत फिरते. ही वार्षिक लोकजात; 'जात' म्हणजे इथे यात्रा. मोठी राजजात नौटी गावातून निघते आणि साधारण 280 किलोमीटर चालून होमकुंडापर्यंत जाते. चार शिंगांचा मेंढा पुढे असतो, त्याला चौसिंग्या खाडू म्हणतात. त्याच्यामागे रिंगाळाच्या बांबूच्या छत्र्या, म्हणजे छंतोल्या. होमकुंडाशी मेंढ्याच्या पाठीवर देवीसाठीच्या भेटी बांधून त्याला एकटं कैलासाच्या दिशेने सोडून देतात. राजजात बारा वर्षांनी होते असं म्हणतात, पण गेल्या तीन खेपा 1987, 2000 आणि 2014 च्या आहेत. शेवटची लांबली ती 2013 च्या जूनमधल्या केदारनाथच्या प्रलयामुळे. बारा वर्षांचा नेम पंचांगात आहे, डोंगरात नाही.

या वाटेवरचं शेवटचं गाव वाण. तिथल्या लाटू देवतेच्या देवळापाशी ट्रेकर सहसा थांबत नाहीत, कारण दार बंद असतं. ते वर्षातून एकदा, वैशाखी पौर्णिमेला उघडतं, आणि उघडणारा पुजारी डोळ्यांवर नि तोंडावर पट्टी बांधून आत जातो. आत नागमणी आहे आणि त्याचं तेज डोळ्यांना सोसणार नाही, असा समज. भाविक लांबूनच हात जोडतात. लाटू हा नंदेचा धर्मभाऊ. वाणपासून पुढे जातीची वाट तोच दाखवतो. बाहेरून पाहिलं तर देवळाजवळचे सुरईचे जुने वृक्ष आणि त्यांच्या बुंध्यांशी टांगलेल्या घंटा तेवढ्या दिसतात. पण रूपकुंडच्या वाटेवर माझ्या मते हीच जागा सर्वांत चुकवू नये अशी आहे.

इंग्रजी अमदानीतलं थोडक्यात. ग्वालदमहून वाण, कनोल, सुतोल, रमणी करत कुँवारी खिंडीवरून तपोवनला उतरणारी वाट व्हाइसरॉय कर्झनच्या दौऱ्यासाठी दुरुस्त केली म्हणून तिला कर्झन ट्रेल नाव पडलं. 1907 मध्ये एका इंग्रज डॉक्टरच्या मोहिमेने त्रिशूळ चढला. सात हजार मीटरच्या वरचं कुठलंही शिखर माणसाने गाठल्याची ती पहिलीच नोंद. गावकऱ्यांच्या लेखी यापेक्षा मोठी गोष्ट होती ती 1911 ते 1917 या काळातला वनबंदोबस्त. ज्या रानात आजवर विचारल्याशिवाय जात होतो, तिथे आता सरकारी हद्दीचे खांब. संताप इतका, की 1921 मध्ये कुमाऊँतली चिडाची (पाइनची) जंगलं पेटवली गेली. तडजोड म्हणून 1931 मध्ये वनपंचायतींचे नियम आले आणि थोडं रान गावाच्या ताब्यात परतलं. बुग्यालांवरचा हक्क कुणाचा, हा आजचा वाद इथून सुरू होतो, 2018 पासून नाही.

हाडांबद्दल एकदाच सांगून टाकतो, कारण त्यांच्यामुळेच या वाटेला गर्दी झाली. 1942 मध्ये एका वनरक्षकाला तळ्याकाठी सांगाडे दिसले. आधी वाटलं जपानी सैनिक. मग तिबेटच्या मोहिमेवरून परतणारी जोरावरसिंगाची फौज, मग तुघलकाची फौज. स्थानिक गाण्यात मात्र उत्तर आधीपासून होतं: कनौजचा राजा जसधवल गर्भार राणी आणि नाचणाऱ्या बायका घेऊन जातीला निघाला, देवीचा कोप झाला, नाचणाऱ्या पाथर नाचौनीला शिळा झाल्या आणि बाकीच्यांवर लोखंडासारख्या गारा बरसल्या. 2004 मध्ये मोहीम काढून नमुने तपासले तेव्हा काळ निघाला नवव्या शतकाच्या मध्याचा. काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोलसर वस्तूच्या माराच्या खुणाही दिसल्या, म्हणजे गाराच. त्या अभ्यासात पुण्यातल्या मानववंशशास्त्रज्ञांचाही हात होता. पुढे वृत्तपत्रांत बातमी झळकली, की काही नमुन्यांचं जनुकीय साम्य कोकणस्थ ब्राह्मणांशी दिसतंय. मराठी घरांत तेव्हा या बातमीने बरीच करमणूक केली.

2019 मध्ये 38 सांगाड्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला आणि सगळ्याच गोष्टी उलटल्या. 23 जण दक्षिण आशियाई वंशाचे, पण एका जमातीचे किंवा घराण्याचे नाहीत. सगळे एकाच दिवशी मेलेलेही नाहीत. 14 जणांचं मूळ पूर्व भूमध्य समुद्राच्या बाजूचं, ग्रीस-क्रीटच्या लोकांशी सर्वांत जवळचं, आणि त्यांचा मृत्यू झाला तो साधारण 1800 च्या सुमारास. एक आग्नेय आशियाई. ही भूमध्यसागरी मंडळी गढवालच्या पाच हजार मीटरवर काय करत होती, याला अजून पटेल असं उत्तर मिळालेलं नाही. एका गारपिटीत मेलेली एकसंध यात्रा ही कथा मात्र टिकत नाही. तरी ट्रेकच्या जाहिरातींत तीच चालते.

आता अली-बेदनीच्या बंदीकडे येण्याआधी शेजारच्या दोन बंद्यांकडे बघितलं पाहिजे, कारण 2018 चा आदेश म्हणजे त्याच गोष्टीचा तिसरा अंक होता.

पहिली बंदी नंदादेवीच्या अभयारण्याची. 1934 मध्ये दोन इंग्रज गिर्यारोहक आणि तीन शेर्पा ऋषीगंगेच्या घळीतून त्या कड्यांच्या वाडग्यात पहिल्यांदा शिरले. 1936 मध्ये शिखर चढलं गेलं, आणि 1950 पर्यंत त्याहून उंच शिखर कुणी चढलं नाही. 1965 मध्ये भारत-अमेरिकेच्या गुप्त मोहिमेने चीनवर नजर ठेवण्यासाठी अणुऊर्जेवर चालणारं उपकरण वर नेलं. ते तिथेच हरवलं आणि आजतागायत सापडलेलं नाही. 1974 पासून परदेशी मोहिमांना दार उघडलं. आठ-नऊ वर्षांत कचरा, तोडलेले भोजपत्राचे वृक्ष, शिकार यांनी इतकी हानी झाली, की 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि 1983 पासून आत जाणं बंद. 1988 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

बंदीची गरज होती याबद्दल फारसं दुमत नाही. पण ज्यांनी घाण केली ते दुसऱ्या शिखराकडे गेले. लाता, रैणी, तोलमा या गावांना जायला दुसरं शिखर नव्हतं. हमालीचं काम गेलं, धरांसीच्या बाजूची चराई गेली, जडीबुटी गोळा करणं गुन्हा झालं. 1974 च्या मार्चमध्ये ज्या रैणीच्या बायकांनी ठेकेदाराच्या माणसांना झाडं तोडू दिली नाहीत, त्याच गावापासून आता रान वाचवायचं ठरलं होतं. 1998 मध्ये लाताच्या लोकांनी निषेध म्हणून बंद क्षेत्रात शिरायचं आंदोलन केलं. पुढे काही वर्षांनी एका मर्यादित वाटेवर मोजक्या पर्यटकांना परवानगी मिळाली. पण तोवर एक पिढी दिल्ली-डेहराडूनला निघून गेली होती.

दुसरी बंदी पुष्पघाटीची, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स'ची. 1931 मध्ये कामेट चढून परतणारे गिर्यारोहक तिथे उतरले आणि घाटीचं नाव जगात झालं. भ्यूंदारच्या मेंढपाळांना ती त्याआधीही माहीत होतीच. 1982 मध्ये तेही राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई थांबली. थोड्याच वर्षांत दिसू लागलं, की अमेला नावाची उंच वाढणारी झुडूपवजा वनस्पती घाटीतले मोठे पट्टे व्यापतेय आणि तिच्या सावलीत बुटकी फुलं मरताहेत. काही वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणाले, मेंढरं कोवळी अमेला खायची, तुडवायची. ती गेली म्हणून ही माजली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, अमेला वाढते ती दरडींनी उघड्या पडलेल्या जागी आणि जिथे गुरं बसवून जमीन जादा सुपीक झाली होती तिथे. चराई बंद झाल्याने बाकीची फुलं सावरली. हा वाद संपलेला नाही. वनखातं मात्र दर पावसाळ्यात माणसं लावून अमेला उपटून काढतं. पूर्वी जे काम मेंढ्या फुकट करायच्या, असं कुणी गावकरी म्हणाला तर त्याला गप्प करणं सोपं नाही.

अली-बेदनीवर यातलं काहीच लागू झालं नाही. शेजारी दारं बंद होत गेली आणि इथे उघडी राहिली. त्याचा परिणाम विसाव्या शतकाच्या अखेरीला दिसू लागला. 2000 च्या राजजातीने वाटेचं नाव देशभर झालं, 2004 च्या मोहिमेने आणि त्यावरच्या टीव्ही-कार्यक्रमांनी हाडं प्रत्येक घरात पोचली. मग ऑनलाइन बुकिंग करणाऱ्या ट्रेक कंपन्या आल्या. त्याआधी रूपकुंडला जाणारा माणूस लोहाजंगला उतरून कुणाच्या तरी घरी चहा पीत वाटाड्या ठरवायचा. आता बॅचेस आल्या: ठरलेल्या तारखा, ठरलेले कॅम्प, एका बॅचमागून दुसरी. महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा यात मोठा वाटा होता, हे त्या काळात लोहाजंगच्या बाजारात कानावर पडणाऱ्या मराठीवरूनच कळायचं.

बॅच म्हणजे नेमकं काय, हे बुग्यालाच्या बाजूने बघण्यासारखं आहे. वीस-पंचवीस माणसांमागे तितक्यांची सामानसुमानं, ती वाहायला खच्चरं, स्वयंपाकाचा तंबू, जेवणाचा तंबू, शौचालयाचे खड्डे. तंबू रोज त्याच सपाट जागी लागतात, कारण उतारावर सपाट जागा थोड्या. एका तंबूखालचं गवत दोन दिवस दबलं तर उभं राहतं. तीन महिने सलग दबलं तर मरतं. हंगाम संपताना अलीच्या धारेवर तंबूंच्या आकाराचे पिवळे-तपकिरी चौकोन रांगेने दिसायचे. शौचालयाचा खड्डा बुजवून वर टाकलेली माती पुढच्या पावसात खचायची. नि खच्चरांची खुरं. ओल्या गवतावर भरलेलं खच्चर चढतं तेव्हा खूर आत रुतून गवताची चकतीच्या चकती उखडते. जोडीला खुद्द वनखात्याने बेदनीवर फायबरच्या झोपड्या बसवल्या होत्या. 2014 च्या राजजातीत हजारो माणसं याच जागी राहिली.

त्याच 2014 मध्ये जनहित याचिका दाखल झाली. इथे एक गोष्ट लोक विसरतात: ती कुणा शहरी पर्यावरणवाद्याने केलेली नव्हती. खालच्याच भागातल्या, अली, बेदनी आणि बगजी या बुग्यालांच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या स्थानिक समितीने ती केली. आपलं गायरान कुणी दुसराच भाड्याने लावतोय, ही भावना तिच्या मुळाशी होती असं मला वाटतं. खालच्या माणसांना खच्चर, हमाली आणि होमस्टेचे पैसे मिळत होते. बुकिंगची मोठी रक्कम मात्र दुसरीकडेच जमा होत होती.

निकाल यायला चार वर्षं लागली. 2018 चा उन्हाळा त्या न्यायालयात कडक आदेशांचा होता. जूनमध्ये राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग धोरण ठरेपर्यंत थांबवण्यात आलं. ऑगस्टमध्ये बुग्यालांची पाळी आली. आदेशातल्या मोठ्या गोष्टी अशा: बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई. पर्यटकांची संख्या 200 पर्यंत मर्यादित. वनखात्याच्या फायबर झोपड्यांसह सगळी पक्की बांधकामं तीन महिन्यांत काढायची. व्यापारी चराई बंद, स्थानिक मेंढपाळांना मुभा, पण जनावरांच्या संख्येवर बंधन घालून. गावपातळीवर देखरेखीच्या समित्या नेमायच्या. आणि हे अली-बेदनीपुरतं नाही, राज्यातल्या सगळ्या बुग्यालांना लागू.

शेवटच्या वाक्याने सगळा गोंधळ केला. याचिका तीन बुग्यालांची, आदेश सगळ्या राज्याचा. अली-बेदनीची दुखणी खरी होती, कागदावर मांडलेली होती. पण उत्तरकाशीतल्या दयाराचं, किंवा ज्या बुग्यालांवर वर्षाला चार माणसं जातात त्यांचं काय? शिवाय बुग्याल म्हणजे कुठून कुठपर्यंत? नकाशावर त्याची रेघ नाही. झाडं जिथे विरळ होतात तिथपासून धरायचं, की पूर्ण संपतात तिथपासून? 200 म्हणजे एका बुग्यालावर, एका वाटेवर, की एका दिवसात? जंगलातल्या मोकळ्या खरकात, म्हणजे गुरं बसवायच्या जागी, तंबू टाकला तर तो बुग्यालावर मोडतो का? ज्याने-त्याने आपल्या सोयीचा अर्थ लावला. कुठे वनरक्षकाने धारेखाली शंभर मीटरवर लागलेला तंबूही उठवला, कुठे कंपन्यांनी झाडांच्या शेवटच्या रांगेला चिकटून कॅम्प टाकले आणि 'आम्ही जंगलात आहोत' म्हणून मोकळ्या झाल्या.

मुक्कामबंदीचं शास्त्र पक्कं आहे का, याबद्दलही मतं दोन आहेत. बाजूने बोलणारे म्हणतात, गवताचं सर्वांत जास्त नुकसान तंबू, स्वयंपाक आणि मलमूत्र यांनीच होतं. ते थांबलं की निम्मं काम झालं. विरोधक म्हणतात, नुकसान मुक्कामाने नाही, त्याच जागी रोज मुक्काम केल्याने होतं. कॅम्पच्या जागा आळीपाळीने बदलणं, खच्चरांना ठरलेली वाट लावून देणं, शौचाचा मैला खाली नेणं, हंगामात मधले काही आठवडे पूर्ण विश्रांती, हे सगळं न करता थेट बंदीवर उडी मारली. यात तथ्य आहे. पण 2018 आधीची पंधरा वर्षं हे करायला कुणी अडवलं होतं? कंपन्यांनी केलं नाही, खात्याने करून घेतलं नाही. दार आपटलं गेलं ते उघडं ठेवणाऱ्यांच्या आळसामुळे, असं माझं मत आहे, आणि या बाबतीत मी ट्रेकवाल्यांच्या बाजूने नाही.

ज्यांच्या बाजूने बोलायला हवं ते वाण, कुलिंग, दिदना इथले लोक. कर्ज काढून खच्चरं घेतलेल्यांचे हप्ते सुरूच राहिले. ज्या कामातून ते फेडायचे, ते तेवढं गेलं. कंपन्यांनी पुढच्याच हंगामात पत्रकं बदलली: हिवाळ्यात लोहाजंगहूनच ब्रह्मताल, तिकडे गोविंद अभयारण्यातलं केदारकांठा नि हर की दून, नाहीतर थेट हिमाचल आणि काश्मीर. नंदादेवीच्या वेळी जे झालं तेच. गर्दी संपली नाही, ती दुसऱ्या डोंगरावर गेली. केदारकांठ्याच्या वाटेवर डिसेंबरात आता जी रांग लागते तिच्यात रूपकुंडच्या बंदीचाही वाटा आहे.

आणखी एक गाठ कुणी सोडवत नाही. मे-जूनमध्ये बर्फ वितळतं तेव्हा खालच्या गावांतली निम्मी माणसं बुग्यालांवर असतात, कीडाजडी शोधायला. जमिनीखालच्या एका पतंगाच्या अळीला बुरशी लागते, अळी मरते आणि तिच्या डोक्यातून काळपट तपकिरी कोंब मातीबाहेर येतो, काडेपेटीतल्या काडीएवढा. तो दिसायला माणसाला पोटावर झोपून, गवत बाजूला करत, इंच-इंच पुढे सरकावं लागतं. चीनमध्ये याला किलोमागे लाखांत भाव मिळतो. एका घराचा वर्षाचा खर्च या सहा-आठ आठवड्यांवर निघतो. काढणारी माणसं वरच राहतात, ताडपत्री टाकून, चूल पेटवून, आणि सरपणाला धूप नि बुरांशाची झुडपं जातात. कोंब काढताना जमिनीला पडलेल्या भोकांची संख्या कुणीच मोजत नाही. गोळा करायचे परवाने सरकारच्याच धोरणानुसार वनपंचायतींमार्फत मिळतात. म्हणजे एका हाताने रात्रीचा मुक्काम बंद आणि दुसऱ्या हाताने ज्या कामासाठी रात्री राहावंच लागतं त्याचा परवाना. ट्रेकर या काळात जातच नव्हते असं नाही, पण बुग्यालाच्या नाजूकपणाची चर्चा झाली ती त्यांच्या तंबूंची.

दुरुस्तीच्या बाजूने एक चांगली गोष्ट उत्तरकाशीत घडली. दयारा बुग्यालावर पावसाने पडलेल्या घळी वनखात्याने नारळाच्या काथ्याच्या जाळ्यांनी झाकल्या, चिडाच्या वाळलेल्या सुयांचे नि बांबूचे छोटे बंधारे घातले, आणि त्यात गवताने पुन्हा जीव धरला. काथ्या कुजून मातीत जातो, त्यामुळे मागे काही उरत नाही. सिमेंट न वापरता डोंगरात काम करणं आपल्या सरकारी खात्यांना जमतं, याचा हा दुर्मीळ पुरावा. याच दयाराच्या उतारावर भाद्रपदाच्या संक्रांतीला रैथलचे लोक एकमेकांना लोणी आणि ताक फासून सण करतात, कारण उन्हाळाभर वर चरलेल्या गुरांनी दिलेलं दूध तिथलंच असतं. गुरं वर गेली नाहीत तर हा सण कशाचा?

सध्या अली आणि बेदनी बघायला बंदी नाही. गैरोली पाताळ किंवा आबीन खरक या जंगलातल्या मुक्कामांवरून पहाटे निघायचं, दिवस बुग्यालावर काढायचा आणि संध्याकाळच्या आत झाडांत परतायचं, असे ट्रेक सुरू आहेत. हाडांचा मोह सोडला तर रूपकुंडच्या वाटेतला उत्तम भाग यात येतोच. पण तंबूंचा सगळा भार आता गैरोलीच्या खर्सूंखाली आला आहे, आणि जंगलातल्या कॅम्पना 200 चा आकडा लावायचा की नाही हे आदेश सांगत नाही. याहून मोठी परीक्षा जातीची आहे. 2014 नंतरची पुढची राजजात जेव्हा वाणहून वर चढेल तेव्हा चौसिंग्या, छंतोल्या, डोल्या आणि त्यांच्यामागची हजारो माणसं बेदनीवरच रात्र काढणार, कारण तिचा मुक्काम तिथला ठरलेला आहे. तो मुक्काम आदेशात बसवायचा, की आदेशालाच अपवाद करायचा, हे प्रशासनाला ठरवावं लागेल. अपवाद केला तर खच्चरवाले विचारतील की वर्षातून तीन महिने आम्हाला का नाही. आणि त्यांना उत्तर द्यायला निदान तोवर कुणीतरी बुग्यालाची हद्द नकाशावर आखलेली असली पाहिजे.